मदत हवी आहे: आईची शुगर आणि हिरड्या, दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतायत

कोयनाकाठ:
आई ६३ वर्षांची. चार महिन्यांत गोळ्या दोनदा वाढवल्या तरी एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.४. हिरड्या सुजल्यात, खालचे पुढचे दोन दात हलतात, सकाळी उशीवर रक्ताचे डाग असतात. दातांचे डॉक्टर म्हणाले शुगर खाली आणून या मग दात काढू, आणि शुगरचे डॉक्टर म्हणतात आधी तोंडातलं इन्फेक्शन बघा नाहीतर शुगर उतरणार नाही. मी दोन महिने चिठ्ठ्या घेऊन फिरतोय. नक्की आधी काय करायचं? प्लीज लवकर सांगा, आईचं जेवण बंद झालंय.

जास्वंद:
जेवण बंद म्हणजे काहीच खात नाही का? गोळ्या कुठल्या चालू आहेत? बीपी, हार्टचं काही?

रानवारा:
रोज सकाळी तिळाच्या तेलाच्या गुळण्या करायला लावा, दहा मिनिटं. माझ्या हिरड्यांचं रक्त महिन्यात थांबलं. उगाच दात काढू नका, वरचा दात काढला की डोळ्याची नस जाते, आमच्या मावशीला चष्मा लागला.

दातवाली_नाशिक:
रानवारा, दात काढल्याने नजर जात नाही, हा समज कृपया पसरवू नका, त्यापायी लोक पू भरलेला दात वर्षानुवर्षं तोंडात ठेवतात. मी दातांचीच डॉक्टर आहे. दादा, दोन्ही डॉक्टर अर्धं अर्धं बरोबर बोलतायत. हिरड्यांमध्ये कायम सूज असली की इन्सुलिनचा परिणाम नीट होत नाही, शुगर चढते, आणि शुगर चढली की हिरड्या अजून बिघडतात. त्यामुळे दात काढायचं थोडं थांबलं तरी हिरड्यांची खोल सफाई थांबवायची नसते. ती नीट झाली तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी साधारण ०.३ ते ०.५ ने उतरतो. एवढ्याने ९.४ चा ७ होणार नाही, औषधं लागणारच, पण एक गोळी वाढवल्याच्या जवळपास जाणारा फरक आहे हा. जास्वंद यांच्या प्रश्नाचं उत्तर द्या आधी.

रानवारा:
सफाई केली की दात हलायला लागतात हे तरी खोटं आहे का? आमच्या वडिलांचे हलले.

दातवाली_नाशिक:
आतलं हाड आधीच झिजलेलं असतं, कीट साचून दात एकमेकांना चिकटल्यासारखे होतात. कीट काढलं की जे आधीपासून हलत होतं ते कळतं. गुळण्या खुशाल करा, पण हिरडीच्या खालचं कीट गुळण्यांनी निघत नाही.

मिरजेची_मी:
विषय निघालाच आहे तर, माझ्या मुलाला तारा लावायच्यात, १२ वर्षं योग्य वय आहे का?

कोयनाकाठ:
सॉरी, कामावर होतो. आई भाकरी चावू शकत नाही, दूध-बिस्कीट, शिरा, मऊ भात यावर आहे. अँजिओप्लास्टी झालीय, दीड वर्षापूर्वी, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या आहेत, त्या दात काढायच्या आधी बंद करू का चार दिवस?

जास्वंद:
अहो ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहायची!! आणि बिस्कीट-शिऱ्यावर शुगर कशी उतरेल. मुगाचं पातळ वरण, अंडं चालत असेल तर ते, पनीर कुस्करून द्या.

दातवाली_नाशिक:
गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका. अँजिओप्लास्टीत हृदयाच्या नळीत बसवलेली जाळी, म्हणजे स्टेंट असताना त्या बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन अटॅक येऊ शकतो, दातातलं रक्त मात्र टाके घालून, गॉज दाबून थांबवता येतं. हार्टवाल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा. सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि गोळ्या देऊन न्या, उपाशी नेऊ नका. हृदयाची झडप बदललेली नाही ना? तसं असेल तर दात काढायच्या आधी अँटिबायोटिक लागतं, कारण दातातले जंतू रक्तातून झडपेवर बसतात. नुसत्या स्टेंटला ते लागत नाही. आणि आई तंबाखू, मशेरी म्हणजे मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) काही घेतात का?

कोयनाकाठ:
झडप नाही. मिश्री लावते, दिवसातून तीन-चार वेळा, लहानपणापासून. ते सांगायचं असतं हे माहीत नव्हतं, आमच्याकडे सगळ्या बायका लावतात.

दातवाली_नाशिक:
मग गाल, जीभ, हिरड्यांवर पांढरा किंवा लाल चट्टा आहे का ते त्याच दिवशी बघून घ्या, मिश्रीने तोंडाचा कॅन्सर होतो. ती चालू राहिली तर सफाईचा निम्मा उपयोग वाया जाईल.

कोयनाकाठ:
मंगळवारची सकाळची वेळ मिळाली सफाईची. मिश्रीचा डबा लपवला तर आईने शेजारच्या काकूंकडून आणली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. म्हणते मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. कुणाच्या आईने, सासूने खरंच सोडली असेल तर कशी सोडली ते सांगा.