मदत हवी आहे : डिसेंबरअखेरच्या धुक्यात अमृतसर–दिल्ली–मुंबई जोडप्रवास

नाताळच्या सुट्टीत आई-वडिलांना घेऊन अमृतसरहून परतायचे असून सकाळच्या शताब्दीने नवी दिल्ली आणि तिथूनच संध्याकाळच्या राजधानीने मुंबई सेंट्रल असे आरक्षण पक्के झाले आहे. मधे जेमतेम पाच-सहा तास आहेत, आणि दाट धुक्यात इंजिनात पुढचा सिग्नल जवळ आल्याचे चालकाला कळवणारे यंत्र असले तरी गाडी ताशी 75 किलोमीटरपेक्षा वेगाने नेत नाहीत, त्यामुळे धाकधूक आहे.

दोन्ही पीएनआर जोडून घेतले आहेत. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकल्यास परताव्याची सोय त्यात आहे, पण सुट्टीच्या गर्दीत पैसे परत मिळाले तरी बर्थ मिळणार नाही, हीच खरी अडचण आहे. अमृतसरहून थेट मुंबईला येणाऱ्या गाड्यांना मोठी प्रतीक्षायादी आहे, विमानेही धुक्यात रखडतात आणि आईचे गुडघे दुखत असल्याने रात्रीची बस नको आहे. परतीची तारीख पुढे ढकलता येत नाही. मात्र अमृतसरहून एक दिवस आधी निघणे शक्य आहे.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात या शताब्दीने अलीकडे प्रवास केलेल्यांनी कृपया सांगावे, ती दिल्लीला प्रत्यक्षात किती उशिरा पोहोचली, आणि या पाच-सहा तासांवर भरवसा ठेवावा की आदल्या दिवशीच दिल्ली गाठून मुक्काम करावा?