मदत हवी आहे: अंधार पडला की गाडीचे लाइट आपोआप लागायला पाहिजेत

राम राम मंडळी. जुन्या व्हॅनच्या बाहेरच्या लाइटसाठी एलडीआर (उजेड ओळखणारा सेन्सर), एलएम ३९३ (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) अन् १२ व्होल्टचा रिले (विजेवर चालणारा स्विच) जोडून घरीच सर्किट केलं आहे. सप्लाय इग्निशननंतरच्या फ्यूजवरून (चावी चालू असली तरच मिळतो), म्हणून बॅटरी उतरायची भीती नाही. संध्याकाळी लाइट बरोबर लागतात. पण परतवाडा-धारणी रस्त्यावर मेळघाटातल्या सागाच्या सावलीत शिरलो की रिलेची टकटक सुरू! अन् समोरून ट्रकचा उजेड पडला की लाइट विझतात. नेमके तेव्हाच हवे असतात ना भाऊ.

एलएम ३९३ च्या आउटपुटपासून प्लस इनपुटला रेझिस्टर देऊन हिस्टेरेसिस (लाइट लागायची अन् विझायची पातळी यांतलं अंतर) वाढवावा, की काही सेकंद उशिरा बंद करणारा टायमर बसवावा? रेझिस्टर किती ओहमचा? सेन्सर डॅशबोर्डवर आकाशाकडे तोंड करून कोणी लावला आहे का?