वॉरियर्स: ८२ सामन्यांवर भरवसा ठेवायचा की शेवटच्या ३१ वर?

तीस_नंबर (घोडबंदर रोड)
१४ एप्रिल २०२५, पहाटे ४:५०

आज आंबेडकर जयंतीची सुट्टी, त्यामुळे काल रात्री झोपायची घाई नव्हती. आधी दिल्लीत मुंबई इंडियन्स १२ धावांनी जिंकले, एकोणिसाव्या षटकात लागोपाठ तीन चेंडूंवर तीन रनआउट. त्याच आनंदात एक वाजता एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधलं, आपलं वॉरियर्स-क्लिपर्स लावलं. प्लेऑफआधीच्या ८२ सामन्यांच्या सीझनचा शेवटचा सामना, तोही घरच्या कोर्टवर. जिंकलो असतो तर थेट प्लेऑफ. ओव्हरटाइममध्ये १२४-११९ ने हरलो. आपल्या स्टीफन करीचे ३६ गुण, जिमी बटलरचे ३०, पण समोरून हार्डनने ३९ आणि लेनर्डने ३३ काढले.

आता आपण ४८-३४ (४८ विजय, ३४ पराभव), वेस्टमध्ये, म्हणजे लीगच्या पश्चिम गटात, सातवे. बुधवारी सकाळी साडेसातला मेम्फिसशी प्ले-इन. जे नवीन आहेत त्यांच्यासाठी: सातवा आणि आठवा संघ भिडतात, जिंकणारा सातव्या जागेवरून प्लेऑफमध्ये जातो. हरणाऱ्याला आणखी एक संधी मिळते, नववा-दहावा यांच्यातल्या विजेत्याशी.

चार वाजल्यापासून ग्रुपवर सगळे एकच म्हणतायत, या संघाचं काही खरं नाही. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

सीझनची सुरुवात १२-३ अशी झाली होती. मग उतरती कळा लागली आणि फेब्रुवारीत जिमी बटलर यायच्या आधी आपण २५-२६ होतो. तो आल्यापासून २३-८. हे दोन वेगळे संघ आहेत आणि लोक त्यांची सरासरी काढून ‘बेभरवशाचे’ म्हणतायत. बटलर यायच्या आधी प्रतिस्पर्ध्याचं काम सोपं होतं: करीवर दोन माणसं सोडायची आणि बाकीच्यांना म्हणायचं, टाका थ्री (लांबून, तीन गुणांचा). पडले तर जिंकलो, नाही पडले तर ४० ने हरलो. करी बेंचवर बसला की गुण आणायला कोणी नसायचं. बटलर थ्रीवर जगत नाही. तो अंगावर माणूस घेऊन आत घुसतो, फाउल काढतो, फ्री थ्रो लाइनवर जातो, चेंडू फुकट घालवत नाही. बास्केट पडत नसेल त्या दिवशीही संघाकडे खेळायला काहीतरी उरतं.

मी दहावीत असताना, २०१५ च्या फायनलपासून, हा संघ बघतोय. त्यामुळे ‘आपले आहेत म्हणून’ हा भाग माझ्यात असेलच. तरी सांगतो, प्ले-इन जिंकू आणि पहिली फेरीही काढू.

हिशोबी_नेरुळकर
सकाळी ८:१५

पटत नाही. तुम्ही ८२ मधले सोयीचे ३१ उचललेत. तसं असेल तर मी मधले ३६ उचलतो: १२-३ नंतर बटलर येईपर्यंत ३६ पैकी १३ जिंकले. त्यातच १९ डिसेंबर येतो, याच मेम्फिसकडून १४४-९३. त्या दिवशी करीचा एकही फील्ड गोल (फ्री थ्रो सोडून पडलेली बास्केट) नव्हता, ड्रेमंड ग्रीनचाही नव्हता. तो काय दुसऱ्या कोणाचा संघ होता?

बरं, तुमच्याच ३१ मध्ये राहू. एप्रिलचे आठ सामने बघा. १ तारखेला मेम्फिसमध्ये करीचे ५२, बारा थ्री. मग लेकर्स आणि डेन्व्हरला हरवलं. ६ ला ह्यूस्टनविरुद्ध त्याच करीचे एकूण ३ गुण आणि घरी पराभव. ८ ला फिनिक्सला १३३-९५ धुतलं. दुसऱ्याच दिवशी सॅन अँटोनिओकडून हरले, जो संघ प्लेऑफच्या शर्यतीतही नव्हता, ज्यांचा मुख्य खेळाडू वेम्बन्यामा फेब्रुवारीपासून बाहेर आहे. शेवटच्या क्षणी थ्री मारला हॅरिसन बार्न्सने, आपल्याच २०१५ च्या संघातल्या माणसाने. मग पोर्टलंडमध्ये विजय आणि काल पराभव. आठात पाच विजय. बटलर या सगळ्यात होता.

सॅन अँटोनिओचा तो एक सामना जिंकला असता तर कालची रात्र अशी गेली नसती. मला राग त्याचा आहे. क्लिपर्सकडून हरण्यात काही वावगं नाही, ते चांगले खेळले.

आणि एक आकडा जो कोणी लिहीत नाही: प्ले-इनमध्ये वॉरियर्स ०-३ आहेत. २०२१ ला लेकर्सकडून १०३-१००, दोनच दिवसांनी मेम्फिसकडून ओव्हरटाइममध्ये ११७-११२, आणि गेल्या वर्षी सॅक्रामेंटोमध्ये ११८-९४.

पाचपाखाडी_७
सकाळी ८:४०

ते मधले ३६ मीही बघितलेत आणि परत बघायची इच्छा नाही. पण २०२१ च्या संघात क्ले थॉम्प्सन जखमी होता आणि बटलर मायामीत होता. त्या ०-३ चं ओझं या संघावर का टाकायचं?

ऐरोली_किंग्ज
सकाळी ९:३०

गेल्या वर्षीच्या त्या ११८-९४ मध्ये मी दुसऱ्या, म्हणजे सॅक्रामेंटो किंग्जच्या बाजूला होतो, म्हणून बोलतो. क्ले थॉम्प्सनचे दहा प्रयत्न, शून्य गुण. जिंकल्याचा आनंद होताच, पण इतक्या मोठ्या खेळाडूला तसं बघून आत कुठेतरी तुटलं.

मी किंग्जचा का, असं कायम विचारतात. मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, हे एक कारण. दुसरं म्हणजे ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि पेसर्स खेळायला आले, भारतातले पहिले एनबीए सामने. पहिला ओव्हरटाइमला गेला, पेसर्स १३२-१३१ ने जिंकले. मी वडिलांबरोबर तिथे होतो. त्या दिवशी एका गुणाने हरलेला संघ माझा झाला.

या संघाने सलग १६ वर्षं प्लेऑफ बघितला नाही. २०२३ ला ४८-३४ करून तिसऱ्या क्रमांकाने आलो आणि पहिल्याच फेरीत सातव्या सामन्यात तुमच्या करीने ५० काढून घरी पाठवलं. यंदा डिसेंबरमध्ये कोच काढला, फेब्रुवारीत आमचा मुख्य खेळाडू फॉक्स गेला, आणि आम्ही ४०-४२ वर, नववे. गुरुवारी सकाळी डॅलसशी खेळतोय. बेभरवशाचा संघ म्हणजे काय ते आम्हाला विचारा. तुमच्याकडे २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ असे चार चषक आहेत, म्हणून सातवी जागा तुम्हाला अपमान वाटते. मी ४८-३४ हसत घेतलं असतं.

म्हणून माझं दोघांनाही सांगणं: आशा आणि भाकीत वेगळं ठेवा. तीस_नंबर, तू पहिल्या फेरीचं वचन देतोयस. त्याची गरज नाही. आम्ही हरणार असं समजूनही मी गुरुवारी उठणार आहे.

वाशीचे_काका
सकाळी ११:०५

मी ऐंशीच्या दशकात नागपाड्याला खेळलोय, नंतर वाशीत मुलांना शिकवलं. तुमची आकडेवारी बरोबर असेल, पण ‘सातत्य’ हा शब्द सगळे मनाशी जोडतायत. ते पायांत असतं.

थ्री हा पायांतून निघतो. गुडघे वाकतात, टाच उठते, मग मनगट. पाय थकले की चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागतो. मी पोरांना संध्याकाळच्या सरावात शेवटच्या पंधरा मिनिटांत थ्री मारायला लावायचो आणि फक्त चेंडू कुठे लागतोय ते बघायचो. पुढे लागला की समजायचं, आज एवढंच. करी ३७ वर्षांचा आहे, बटलर आणि ड्रेमंड ३५ चे. ८ तारखेला फिनिक्समध्ये खेळून ९ ला घरी सॅन अँटोनिओ. तो पराभव मला तिथे दिसतो. त्यांची लढायची तयारी कमी होती असं मला एक क्षणही वाटलं नाही.

काल ओव्हरटाइमची जादा पाच मिनिटं. मधे एक दिवस, की प्ले-इन. जिंकलात तर दुसऱ्या क्रमांकाचा ह्यूस्टन, ५२-३० वाला तरुण संघ, त्यांचा तो आमेन थॉम्प्सन करीला श्वास घेऊ देत नाही. सहावे आला असतात तर मधे जवळजवळ आठवडा मिळाला असता. कालच्या पराभवाची खरी किंमत ती विश्रांती आहे. मेम्फिसला हा संघ हरवेल असंच मला वाटतं. त्याच्या पुढच्या चौदा दिवसांची मला काळजी आहे.

कळव्याची_पॉइंटगार्ड
दुपारी १२:२०

काका, नमस्कार. पायांचं तंतोतंत पटलं, मी जिल्ह्याकडून खेळायचे तेव्हा हेच अनुभवलंय. पण मग तरुण पाय बेंचवर का? कुमिंगा २२ वर्षांचा आहे आणि काल एक मिनिटही खेळवला नाही. त्याला आणि बटलरला एकत्र घेतलं की आत गर्दी होते, दोघांनाही तीच जागा हवी, हे मला समजतं. पण ओव्हरटाइममध्ये सगळे ओढत चालले असताना दोन मिनिटं तरी? आपले कोच स्टीव्ह कर यांच्यावर मी सहसा बोलत नाही, याबाबतीत बोलणार.

बाकी माझं मत तीस_नंबरच्या बाजूने. सीझन मधे मोडून पुन्हा बांधणारे संघ पुढे जातात. २०२३ चे लेकर्स २-१० होते. ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) केले, ४३-३९, प्ले-इनमध्ये मिनेसोटाला ओव्हरटाइममध्ये हरवलं आणि वेस्टच्या फायनलला पोचले. त्याच वर्षी मायामी पहिला प्ले-इन घरी हरली, दुसऱ्यात शिकागोविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये मागे होती, आठव्या क्रमांकाने शिरली आणि मिलवॉकी, न्यूयॉर्क, बॉस्टन काढून एनबीए फायनल. त्या मायामीचा म्होरक्या कोण होता? हाच बटलर. आयपीएलचंच बघा, २०१५ ला मुंबईने पहिले चार सामने गमावले होते आणि कप उचलला.

हिशोबी_नेरुळकर
दुपारी १:१०

ताई, २०१५ सांगितलंत, मी २०१४ सांगतो. पहिले पाच हरले, मग वानखेडेवर राजस्थानविरुद्ध तो अशक्य पाठलाग, आदित्य तरेचा षटकार, मी स्टेडियममध्ये होतो. गळा बसला होता. तीन दिवसांनी एलिमिनेटरमध्ये चेन्नईने घरी पाठवलं. धडपडत आत शिरायला जी ताकद लागते ती आत गेल्यावर उरत नाही, मी हेच म्हणतोय.

तुमचे लेकर्स वेस्ट फायनलला डेन्व्हरकडून ४-० हरले. मायामी फायनल ४-१ हरली. सातव्या क्रमांकाचा संघ आजवर एकदाही विजेता झालेला नाही. सर्वांत खालून आलेला विजेता म्हणजे १९९५ चा ह्यूस्टन, सहावा. त्यांनीही फेब्रुवारीत ड्रेक्सलरला आणलं होतं, ते उदाहरण कोणीतरी देणारच. पण त्यांचा मुख्य खेळाडू ओलाजुवॉन तेव्हा ३२ चा होता.

आणि बटलरचं २०२३ आठवतं तर २०२४ पण आठवा. फिलाडेल्फियातल्या प्ले-इनमध्येच गुडघा गेला आणि पुढची अख्खी मालिका तो बाहेर. काकांचा मुद्दा तोच.

तीस_नंबर
दुपारी २:००

नेरुळकर, एक गोष्ट स्पष्ट करतो. ३१ सामने मी निवडलेले नाहीत, ट्रेडच्या तारखेने निवडलेत. तुमच्या आठ सामन्यांची खिडकी मात्र तुम्ही कापलीत. त्यातही लेकर्स, डेन्व्हर आणि मेम्फिस, तिन्ही वेस्टच्या वरच्या आठातले संघ, चार दिवसांत हरवलेत, आणि त्यातले दोन त्यांच्या घरी.

मेम्फिसकडे तरी काय स्थैर्य आहे? नऊ सामने उरले असताना त्यांनी कोच काढला. ऐरोलीचं म्हणणं मनाला लागलं. तरीही वचन मागे घेत नाही, कारण मला खरंच तसं वाटतं आणि हरल्यावर ‘मी तर आधीच म्हणत होतो’ अशी जागा मला स्वतःसाठी राखून ठेवायची नाही.

काकांच्या चौदा दिवसांवर माझ्याकडे उत्तर नाही.

कळव्याची_पॉइंटगार्ड
१६ एप्रिल, सकाळी १०:२०

१२१-११६ ने जिंकलो! बटलर ३८, करी ३७. दोघांचे मिळून ७५. ०-३ चं १-३ झालं. कुमिंगा आजही बेंचवर, त्यावर नंतर भांडते.

हिशोबी_नेरुळकर
सकाळी ११:००

अभिनंदन सगळ्यांचं, माझंही. ठाण्याच्या गाडीत मोबाइलवर बघत होतो, शेवटच्या क्वार्टरला रबाळ्यापुढे नेटवर्क डळमळायला लागलं तसा ऐरोलीला उतरलो आणि फलाटावर उभा राहून पुढचं बघितलं. दोन गाड्या सोडल्या.

पण २० गुणांची आघाडी होती. वीस. घरच्या कोर्टवर ती पूर्ण घालवली आणि शेवटी दोन माणसांनी ओढून काढलं. माझा हिशोब बदललेला नाही. ह्यूस्टन सहा सामन्यांत मालिका जिंकणार.

वाशीचे_काका
सकाळी ११:४५

मेम्फिसच्या मॉरंटचा घोटा मुरगळला नसता तर आणखी कठीण गेलं असतं, हेही लिहून ठेवा. सोमवारी सकाळी सात वाजता पहिला सामना आहे. पहिल्या क्वार्टरमध्ये करीचे चुकलेले थ्री कुठे लागतात ते बघा. मागच्या कडेला लागत असतील तर पाय अजून आहेत.

तीस_नंबर
दुपारी १२:१०

बघतो काका. ह्यूस्टनची मालिका सात सामन्यांपर्यंत जाईल आणि आपण काढू. सोमवारी साडेसहापासून इथेच आहे.