मदत हवी आहे: 'ऑर्गॅनिक' क्रीमने गाल सोलवटले, साध्या क्रीमपेक्षा यात वेगळं असतं तरी काय?

चोपड्याची_वहिनी

नमस्कार मंडळी. वैशाखात नणंदेचं लग्न आहे, म्हणून ऑनलाइन एक फेस क्रीम मागवलं. काचेची इवलीशी बरणी, ६५० रुपये, वर हिरवं पान आणि '१०० टक्के ऑर्गॅनिक, केमिकल फ्री'. आठव्या दिवशी गालांवर लाल चट्टे, बारीक पुरळ, रात्रभर खाज. सकाळी सासूबाईंनी चहाचा कप हातात घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. "तोंडले काय व्हयनं वं माय?"

कंपनीला फोन केला तर म्हणे आतली घाण बाहेर पडतेय, लावत राहा. मी बंद केलं. किराणा दुकानातलं साधं कोल्ड क्रीम इतकी वर्षं लावलं, कधी एक पुळी आली नव्हती!

बरणीमागची अक्षरं मुंगीएवढी. फोटो मोठा करून वाचली: ॲक्वा, ग्लिसरिन, सीटेअरिल अल्कोहोल, बदाम तेल, फिनॉक्सीइथेनॉल, कोरफड अर्क, लॅव्हेंडर तेल, लिंबू तेल, लिनालूल, लिमोनिन.

आमच्या दिरांनी कापूस सेंद्रिय केला तेव्हा प्रमाणपत्राआधी दोन वर्षं रूपांतराची काढावी लागली. तपासणीला माणसं यायची, वही बघायची. क्रीमला असं कोणी तपासतं का? की पान छापलं की झालं?

पारोळेकर

वहिनी, मी क्रीम-लोशनच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. खरं सांगायचं तर पान छापलं की जवळजवळ झालंच. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० आहेत, पण त्यात 'ऑर्गॅनिक' म्हणजे काय याची व्याख्याच नाही. परवाना, घटकांची यादी, मुदत हे सगळं लागतं, पण ते सगळ्याच क्रीमना.

खरी तपासणी होते ती खासगी मानकांची. युरोपातलं कॉसमॉस घ्या. वनस्पतीजन्य घटक नुसते दळून, पिळून काढलेले असतील तर त्यातले ९५ टक्के सेंद्रिय शेतीचे हवेत. पूर्ण मालात मात्र सेंद्रिय भाग २० टक्के असला तरी चालतं, शाम्पूसारख्या धुऊन टाकायच्या वस्तूत १० टक्केसुद्धा. कारण बरणीत मुख्य माल पाणी (यादीतलं पहिलं 'ॲक्वा' म्हणजे तेच), आणि पाणी कोणाच्या शेतात पिकत नाही.

आता तुमची यादी. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह १ टक्क्याच्या वर घालता येत नाही. एक टक्क्यापर्यंतचे घटक यादीत शेवटी येतात, म्हणजे त्याच्या मागे असलेली कोरफडही एक टक्क्याच्या आतच. शिवाय कॉसमॉसमध्ये फिनॉक्सीइथेनॉल चालत नाही, तिथे सोडियम बेंझोएट, पोटॅशियम सॉर्बेट वापरतात. प्रिझर्व्हेटिव्ह वाईट म्हणून नाही सांगत हं. पाणी असलेलं क्रीम आपल्या ४४ डिग्रीत त्याच्याशिवाय ठेवून बघा, बुरशी धरेल.

माझा संशय शेवटच्या चार नावांवर. लिनालूल, लिमोनिन हे त्या सुगंधी तेलांतच असतात आणि बऱ्याच जणांना त्यांची ॲलर्जी होते. लव्हेंडर सेंद्रिय शेतातलं असो की युरिया टाकलेल्या, त्वचेला ते कळत नाही. 'सेंद्रिय' हा शब्द शेताबद्दल बोलतो, तुमच्या गालाबद्दल नाही. तुमच्या कोल्ड क्रीममध्ये बहुतेक मिनरल ऑइल असेल. ते पेट्रोलियमचं, म्हणून नाक मुरडतात, पण त्याची ॲलर्जी फार क्वचित होते.

बरणी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. तोवर लिंबू, बेसन काही लावू नका.

भुसावळची_साबणवाली

मी घरी साबण करते. 'केमिकल फ्री' साबण विकणाऱ्याला विचारा, कॉस्टिक सोडा न घालता तेलाचा साबण कसा जमवला? मलाही शिकायचंय 😄

ताई, पुढच्या वेळी आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून बघा, मग तोंडाला.

चोपड्याची_वहिनी

दादा, ताई, आभार. काल जळगावला दाखवून आले. डॉक्टरांनाही सुगंधी तेलांचाच संशय आहे. ट्यूब दिली, साबण बंद, उन्हात तोंड झाकायचं. खाज निम्मी झाली.

दिरांना यादी वाचून दाखवली. पहिलंच नाव पाण्याचं म्हटल्यावर हसत सुटले.

आता एक शंका. लग्नाला १९ दिवस आहेत. हळदीला बायका मला सोडणार नाहीत, गालाला हात लागणारच. घरात दळलेली हळद चालेल, की तीही कोपराला लावून बघू?