झाडीतला छोटा डिस्क गोल्फ कोर्स, पहिल्यांदाच जाणाऱ्यांना जमेल का?

पायवाट
नमस्कार मंडळी, आमच्यापैकी कोणीच डिस्क गोल्फ (कमीत कमी फेकींत डिस्क बास्केटमध्ये टाकायची, असे एकेक होल) खेळलेलं नाही, साधी फ्रिस्बी फेकलीय तेवढीच. ९ होलचा एक कोर्स बघून ठेवलाय, होल सगळे ५० ते ७० मीटरचे पण पूर्ण झाडीत, फेअरवे म्हणजे झाडांमधली गल्लीच. एक जण म्हणतोय मोकळ्यावरचा कोर्स बघू, इथे नुसत्या झाडांना डिस्क ठोकत बसू. मला मात्र हाच आवडलाय, सावली आहे, चालणं कमी आणि सोबत दहा वर्षांची मुलगीपण येणारे. काय करावं? आणि डिस्क कुठली घ्यायची, जिथे बघावं तिथे ड्रायव्हरच (लांब फेकायच्या वेगवान डिस्क) दाखवतात.

साखळीवाजली
बिनधास्त झाडीत जा. मोकळ्यावर लांबची बास्केट दिसली की नवीन माणूस जीव खाऊन फेकतो आणि जोर लावला की डिस्क वाकडी गेलीच म्हणून समजा. ६० मीटरला जोर लागतच नाही, समोरची फट बघायची आणि त्यातून हळू, सरळ काढायची. पहिल्या फेकीत बास्केटपर्यंत जायलाच हवं असंही नाही, फेअरवेच्या मधोमध पडली तरी झालं, पुढची फेक सोपी होते.

ड्रायव्हर आत्ता नकोच. डिस्कवर चार आकडे असतात, स्पीड (वेग), ग्लाइड (तरंगणं), टर्न (सुरुवातीचं वळण), फेड (शेवटचं वळण). स्पीड १२ वाली डिस्क तेवढ्या वेगाने सुटली तरच नीट उडते, नवीन हाताला तो वेग नसतो, मग उजव्या हाताने बॅकहँड (साध्या फ्रिस्बीसारखी फेक) मारला की थोडं पुढे जाऊन डावीकडे झाडीत. एक पटर (जवळच्या, हळू फेकीची डिस्क) घ्या, उदा. इनोव्हाचा एव्हिआर (२, ३, ०, १) आणि फार तर एक मिडरेंज (मधल्या अंतराची), डिस्कक्राफ्टचा बझ (५, ४, -१, १) चांगला आहे. टी वरूनसुद्धा, म्हणजे होलच्या पहिल्या फेकीलाही, पटरच फेका. मुलीला १५० ग्रॅमच्या आसपासची हलकी द्या, १७५ वाली तिला जड जाईल.

मधलीफांदी
वरच्यांशी बहुतेक सहमत, फक्त एक. कोर्सवर जायच्या आधी अर्धा तास तरी मोकळ्या जागेत फेकून बघा. झाडाला आपटली की डिस्क थांबते, मग फेक कशी बिघडली ते दिसतच नाही. मोकळ्यावर लगेच कळतं, नाक (डिस्कची पुढची कड) वर राहिलं तर डिस्क वर चढते, अडखळते आणि डावीकडे खाली येते. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की सुधारता येतं.

डिस्क भडक गुलाबी किंवा नारिंगी घ्या, हिरवी-तपकिरी पानात सापडत नाही. आणि एकाने पुढे, जरा बाजूला झाडाआड उभं राहून कुठे पडते ते बघायचं. हरवण्याची भीती तिथेच अर्धी संपते. वळणापलीकडे कोणी चालतंय का ते दिसत नसेल तर मात्र फेकायचीच नाही, आधी एकाने जाऊन बघून यायचं. झाडीत या बाबतीत हयगय नको, डिस्क जोरात लागते.

पायवाट
खूप मदत झाली, पटरच घेतो. अजून दोन शंका. डिस्क झाडावर अडकली तर काय? आणि दोन होल उजवीकडे वळतात, तिथे बॅकहँडने कसं काय जमणार?

साखळीवाजली
अडकली तर तिच्या बरोबर खालच्या जमिनीवरून पुढची फेक. काही स्पर्धांत २ मीटरच्या वर अडकली की एक पेनल्टी लावतात, ते तसं आधी जाहीर केलं असेल तरच. आपल्यासाठी वाट काढायला फांद्या मोडायच्या नाहीत, हा नियमही आहे आणि झाडं राहिली तरच हा कोर्स राहील. हरवलेली डिस्क शोधायला नियमाने ३ मिनिटं, पण मागे कोणी थांबलं नसेल तर निवांत शोधा, असेल तर त्यांना पुढे जाऊ द्या.

उजव्या वळणाला फोरहँड (तळहात पुढे ठेवून बाजूने फेक) लागतो, तो शेवटी उजवीकडे वळतो. पण पहिल्याच दिवशी त्याच्या मागे लागू नका. वळणापर्यंत एक सरळ पटर, तिथून दुसरा बास्केटकडे आणि मग पट (बास्केटमध्ये टाकायची जवळची फेक). ३ च्या पारवर (अपेक्षित फेकी) ४ आले तरी नवीन माणसाला मस्तच.