शब्दचर्चा : ‘फुलबॅक’मधला ‘फुल’ म्हणजे नेमकं काय?

मूळ प्रश्न :

मंडळी, एक शंका आहे. परवा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमला फुटबॉलची मॅच बघताना भाच्यानं विचारलं, मामा, फुलबॅक म्हणजे फुल मागं असणारा ना, मग तो असा कडंला लाईनीजवळ का उभा? आणि सगळ्यात मागं मधी जे दोघं आहेत त्यांना फुलबॅक का म्हणत नाहीत? मला काय सांगता येईना. पेपरात सगळ्यांनाच बचावपटू लिहितात. नेमका अर्थ काय आणि मराठीत काय म्हणावं?

उत्तर :

भाच्याला शाबासकी द्या, त्याला जे खटकलंय ते खरंच शब्दातच आहे. इथं ‘फुल’ म्हणजे पूर्ण मागं, बाकी काही नाही. जुन्या काळी टीम लावायची ती २-३-५ अशी, कीपरच्या पुढं फक्त दोघं, मग तिघं, मग पाच फॉरवर्ड. मधले तिघं अर्धे मागं म्हणून हाफबॅक, आणि ते दोघं पूर्ण मागं म्हणून फुलबॅक. रग्बीत हीच उतरंड अजून दिसते, हाफबॅक, मग थ्री-क्वार्टर, आणि सगळ्यात मागं १५ नंबरचा एकटा फुलबॅक. आपल्याकडं हॉकीतही हाच शब्द होता, पृथीपाल सिंग फुलबॅकच.

मग फुटबॉलमधला फुलबॅक कडंला कसा गेला? १९२५ ला ऑफसाईडचा, म्हणजे पास येताना फॉरवर्डनं फार पुढं जाऊन उभं राहू नये ह्याचा, नियम बदलला. त्याआधी फॉरवर्ड आणि गोललाईन यांच्यामधी समोरच्या टीमचे तिघं लागायचे, तिथं दोघं पुरेसे केले. आधी काय व्हायचं, एक फुलबॅक पुढं सरकला की फॉरवर्ड ऑफसाईड, आणि तरी दुसरा मागं राखायला शिल्लक, न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन ह्यात लई वस्ताद होता. नियम बदलल्यावर हा डाव महागात पडायला लागला, गोल वाढले, मग आर्सेनल क्लबचा मॅनेजर हर्बर्ट चॅपमन ह्यानं सेंटर हाफला, म्हणजे तीन हाफबॅकमधल्या मधल्याला, तिथनं उचलून दोन फुलबॅकच्या बरोबर मधी मागं आणून ठेवला. मधली जागा त्यानं घेतली आणि फुलबॅक आपोआप बाहेर, विंगरच्या, म्हणजे कडंनं येणाऱ्या फॉरवर्डच्या, समोर गेले. माणसं सरकली, नावं तीच राहिली. म्हणून तर इंग्लंडात अजून सगळ्यात मागं उभ्या असलेल्याला कित्येक लोक सेंटर ‘हाफ’ म्हणतात, आणि २ नि ३ हे कडंच्या बॅकचे जुने नंबर आणि मधल्याचा ५, हे कोडंही इथंच सुटतं.

आमच्या घरात ह्या शब्दावरनं खरोखर वाद व्हायचा. थोरले काका तालमीच्या टीममधनं खेळलेले, गोल बसला की म्हणायचे, “फुलबॅक कुठं हुता रं?” आणि त्यांचं बोट असायचं कीपरसमोरच्या स्टॉपरकडं, म्हणजे मधल्या बॅककडं. मी बघायचो कडंच्या राईट बॅककडं, तो आपल्या विंगरला धरून नीट उभा असायचा, मग मी म्हणायचो काका तो तर जागेवर हाय. असं दहा-दहा मिनिटं चालायचं. आम्ही दोघंही बरोबरच होतो, त्यांचा फुलबॅक २-३-५ मधला आणि माझा आजचा, हे मला लई उशिरा कळलं.

आता काम काय ते भाच्याला असं दाखवा. पुढच्या मॅचला बॉलकडं बघू नको, पंधरा मिनिटं नुसत्या राईट बॅककडं बघ म्हणावं. विंगर बॉल घेऊन अंगावर आला की चांगला बॅक समोरासमोर छाती करून उभा राहत नाही. तो तिरका होतो, गुडघे वाकवून, एक पाय मागं, कुस्तीतल्या पवित्र्यासारखा, आणि पाय घालायची घाई करत नाही. विंगरला आतली वाट बंद करतो आणि लाईनीकडं ढकलत नेतो, कारण तिथं लाईनच दुसऱ्या बॅकचं काम करते. पाय घातला आणि चुकला की विंगर बगल देऊन गेलाच, मग स्टॉपरला जागा सोडून बाहेर यावं लागतं आणि मधी भगदाड.

पण माझ्या मते बॅकची खरी पारख बॉल पलीकडच्या कडंला असताना होते. तेव्हा ह्यानं आत सरकून स्टॉपरच्या जवळ यायचं, आणि मागच्या लाईनीत राहायचं. एक पाऊल जरी मागं राहिला तरी समोरचा फॉरवर्ड ऑनसाईड होतो. आपल्याकडं हे किती वेळा बघितलंय, दोघं स्टॉपर हात वर करून लाईन्समनकडं बघतायत, आणि पलीकडं लेफ्ट बॅक बुटाची लेस सैल झाल्यासारखा रेंगाळत दोन पावलं मागं. झेंडा वर जात नाही, गोल. गॅलरीतनं शिव्या मात्र स्टॉपरला.

आणि पुढं जाणं आहेच. १९५८ च्या वर्ल्ड कपला ब्राझीलचा लेफ्ट बॅक निल्टन सांतोस ऑस्ट्रियाविरुद्ध पुढं पळत गेला आणि गोल मारून आला. इटलीतल्या इंटर क्लबचा लेफ्ट बॅक फाकेट्टी तसाच. १९७० च्या फायनलला इटलीविरुद्धचा चौथा गोल, पेलेनं न बघता उजवीकडं हलका बॉल सोडला, तिथं पळत येऊन मारणारा कार्लोस अल्बर्टो, राईट बॅक आणि कॅप्टन. २००२ ला कप उचलणारा काफूही त्याच उजव्या कडंचा. आपल्या पेठांत ब्राझीलचे झेंडे लावणाऱ्यांनी तरी ह्या जागेला दुय्यम समजू नये.

त्यावर शंका :

पटलं. पण मग मराठी शब्द? आणि एवढा पुढं जाणाऱ्याला विंगबॅकच म्हणायचं ना?

परत उत्तर :

विंगबॅक वेगळा. मधी तीन स्टॉपर असतील आणि कडंची अख्खी पट्टी एकट्यानं सांभाळायची असेल तर तो विंगबॅक. मागं चौघं असतील तर कितीही पुढं जाऊ दे, तो फुलबॅकच. जर्मनीतल्या बायर्न क्लबला कोच ग्वार्डिओलाच्या हाताखाली लाम आणि अलाबा बॉल आपल्याकडं असताना कडा सोडून मिडफिल्डमधी आत यायचे, तरी ते फुलबॅकच, कारण बॉल गेला की परत येऊन उभं राहायची जागा तीच.

मराठीचं म्हणाल तर ‘पूर्ण बचावपटू’ असं कुठं दिसलं तर ते चूक, ह्यात पूर्णपणा जागेचा आहे, बचावाचा नाही. ‘पाठीराखा’ कानाला गोड, पण तो शब्द आपण सपोर्टरला देऊन बसलोय. कबड्डीतला ‘कोपरारक्षक’ कामाला जवळचा, दोन्हीकडं तो कडा राखतो, पण फुटबॉलमधी कॉर्नर म्हटलं की किकच डोळ्यासमोर येते. मला स्वतःला ‘बगलेचा बॅक’ आवडतो, ‘उजव्या बगलेचा बॅक’, ‘डाव्या बगलेचा बॅक’, ऐकणाऱ्याला जागा लगेच कळते. मैदानावर मात्र राईट बॅक, लेफ्ट बॅक हेच चालू आहे आणि ते बदलायची काही गरज नाही, लिहिताना पहिल्यांदा एकदा बगलेचा म्हणून सांगावं आणि पुढं राईट बॅक लिहावं.

तुमच्या पेठेत जुन्या खेळाडूंच्या तोंडात ह्या जागेला आणखी वेगळा शब्द असेल तर इथं टाका, काका असते तर त्यांनाच विचारलं असतं.