महारोग्यांच्या कोंडवाड्यांतून कुष्ठधामं कशी झाली?

जुनेदप्तर:
१८९८च्या लेपर्स अ‍ॅक्टप्रमाणे रस्त्यावरच्या निर्धन महारोग्याला पोलीस वॉरंटशिवाय धरून आश्रमात टाकू शकत. मुंबईत वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ कुष्ठरुग्णालय तर त्याही आधीचं, १८९०चं. मग पुढच्या पन्नास-साठ वर्षांत कुष्ठधामांत शेती, माग, सुतारकाम आलं कुठून? औषध सापडलं म्हणून?

कंडरा:
औषध हे अर्धंच उत्तर. कुष्ठाचे जंतू मारणारं डॅप्सोन १९४०च्या दशकात आलं. पण जंतू मेले तरी मेलेली नस जिवंत होत नाही. बोटं वाकडी ती वाकडीच, तळवा बधिर तो बधिरच.

दुसरं अर्धं तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं. रोगाने बोटं झडतात, असं तेव्हा डॉक्टरही धरून चालत. तिथले सर्जन पॉल ब्रँड यांनी दाखवलं की बोटं झडत नाहीत. दुखत नसल्याने ती भाजतात, कापतात, चिघळतात आणि तुकड्यातुकड्याने जातात. रात्री उंदीर कुरतडून जायचे आणि सकाळपर्यंत पत्ता नसायचा, म्हणून रुग्णांना मांजरं दिली गेली! एकदा हे कळल्यावर हात वाचवण्यात अर्थ आला.

१९४८पासून तिथे वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू झाल्या. चालू स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) वळवून लुळ्या स्नायूचं काम त्याला द्यायचं. आजही साधारण अटी अशा: औषधोपचार नियमित, सहा महिने रिअ‍ॅक्शन (रोगात अचानक उसळणारा दाह) नाही, लुळेपणा स्थिरावलेला आणि सांधे मोकळे. सांधे आखडलेले असतील तर आधी तेल लावून व्यायाम, मगच शस्त्रक्रियेचं टेबल. नंतर सुमारे तीन आठवडे प्लास्टर. खरी मेहनत त्यापुढची, कारण मनगट उचलणाऱ्या स्नायूला आता बोटं मुळाशी वाकवून पुढे सरळ ठेवायला शिकायचं असतं. हा व्यायाम बुडाला की चांगली शस्त्रक्रियाही फुकट जाते.

जुनेदप्तर:
पण हात सुधारलेले लोकही पुन्हा भीक मागत होते म्हणे?

कंडरा:
हो, आणि तक्रारही करत होते की सरळ बोटांना भीक कमी मिळते. काम तर कोणी देतच नव्हतं. म्हणून वेल्लोरला नवजीव निलयम निघालं, तिथे सुतारकाम, लाकडी खेळणी वगैरे शिकवत. हत्यारांच्या मुठी जाड आणि गुळगुळीत ठेवायच्या. बारीक मुठीवर सगळा दाब एकाच जागी येतो, फोड उठतो आणि कळत नाही. गरम चहाचा स्टीलचा पेला हा तर जुना वैरी, बधिर हाताला चटका कळतच नाही.

चांभारवाडा:
हाताचं कौतुक फार होतं, पाय मागे राहतात. तळपायाची जखम प्लास्टर घालून साधारण सहा आठवड्यांत भरते, पण माणूस जुन्याच चपलेत घरी गेला की उघडते.

चपलेचा आतला थर एमसीआरचा, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या रबराचा: १० मिमी जाड, कडकपणा १५ शोअर (रबराचा कडकपणा मोजायचं माप). तो अंगठ्याने दाबून बघा. खाली टेकला तर फार मऊ, दबलाच नाही तर फार कडक. बाहेरचा तळ मात्र कडक हवा, काटा आरपार जाता कामा नये. मागे पट्टा हवाच, नाहीतर चप्पल धरून ठेवायला बोटं आवळली जातात. आणि खिळा एकही नको. गावातला कारागीर प्रेमाने चार खिळे ठोकून देतो आणि पुढच्या महिन्यात हाड दिसतं.

रोज पाय २० मिनिटं साध्या पाण्यात (गरम अजिबात नको) बुडवायचे, घट्टा खरबरीत दगडाने घासायचा आणि ओल्या पायावरच तेल लावायचं. पुसून लावलं तर आत मुरलेलं पाणी टिकत नाही, भेगा पडतात.

वरोरारोड:
सगळं श्रेय वेल्लोरला नको. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ साली काम सुरू केलं, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन १९४६चं आणि वरोऱ्याला बाबा आमटेंचं आनंदवन १९४९चं. इथे श्रम आधी आला, शस्त्रक्रिया नंतर.

मात्र यात एक गोम आहे. वसाहत जितकी स्वयंपूर्ण, तितकं गावी परतणं अवघड. बरा झालेला माणूस तिथेच लग्न करतो, तिथेच म्हातारा होतो. कायद्यानेही घाई केली नाही: १८९८चा कायदा केंद्राने २०१६मध्ये रद्द केला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९पर्यंत पुस्तकात होतं.

चांभारवाडा:
पट्ट्याबद्दल राहिलं. बोटं अधू असतील तर बक्कल लावता येत नाही. वेल्क्रो लावा, आणि शिवण आतल्या बाजूला येऊ देऊ नका.